परसबागेतील लसणाची काढणी आणि सुकवण



होळी जवळ आली की परसातल्या लसणाच्या वाफ्याकडे घरातल्या प्रत्येकाची नजर जाऊ लागते. दिवाळीच्या आगेमागे टोकलेल्या पाकळ्या असतात. आता पात पिवळी पडू लागलेली असते, माती जरा उकरली की भरलेला गड्डा बोटाला लागतो, आणि कोणीतरी म्हणते, "काढून टाका आता, भेंडीला जागा होईल." काढायला हरकत नाही. पण तो कधी काढला, कसा काढला आणि काढल्यावर पुढचे पंधरा दिवस कुठे ठेवला, यावर तो आषाढातच संपणार की दिवाळीपर्यंत पुरणार हे ठरते. शिवाय पुढच्या लावणीचे बेणेही त्याच ढिगातून निघायचे असते. कांद्याला बी धरते, आपल्याकडच्या लसणाला ते धरत नाही. पाकळी हेच त्याचे बी. म्हणजे गड्डे सडले तर फोडणी तर जातेच, पण पुढच्या वर्षीचा वाफाही जातो.

एका वाफ्यात असते तरी किती, असे कोणी म्हणेल. हिशेब करून बघा. 3 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद वाफ्यात 15 बाय 10 सेंटिमीटरवर लावण केली तर 400 पाकळ्या बसतात. गड्डा 15 ते 20 ग्रॅमचा धरला तर 6 ते 8 किलो लसूण झाला. बेताच्या कुटुंबाला वर्षाचा बराचसा लसूण घरचा झाला म्हणायचा. 2023 च्या डिसेंबरात किरकोळ बाजारात लसूण किलोला तीनशे-चारशे रुपयांवर गेला होता, ते आठवत असेल. त्या महिन्यात ज्यांच्या माळ्यावर चार जुड्या टांगलेल्या होत्या, त्यांना हा वाफा लहान वाटला नसेल.

आता काढणीची वेळ. आपल्याकडच्या जातींना लावणीपासून साधारण 120 ते 140 दिवस लागतात. तेव्हा लावणीची तारीख कुठेतरी लिहून ठेवावी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर एक खूण केली तरी पुरे. याचे कारण असे की नुसत्या पिवळ्या पातीवर विसंबून चालत नाही. फुलकिडे पडले तरी पात पांढुरकी होऊन वाळते, करपा आला तरी शेंडे जळतात, पाणी तुटले तरी पिवळेपणा येतो. नव्वदाव्या दिवशी पात पिवळी दिसली तर ती पक्वता नव्हे, तो रोग किंवा ताण समजावा. दिवस भरत आले आहेत आणि निम्मी पात वाळली आहे, या दोन्ही गोष्टी जुळल्या की काढणी जवळ आली.

निम्मीच का, सगळी का नाही? यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लसणाचे पान वर दिसते तेवढेच नसते. प्रत्येक पानाचा खालचा भाग मानेतून खाली उतरून गड्ड्याभोवती पापुद्र्यासारखा गुंडाळलेला असतो. वरचे पान वाळले की खाली मातीत त्याचा पापुद्राही मरतो आणि ओलीत कुजू लागतो. म्हणून वर जेवढी पाने हिरवी, तेवढी गड्ड्यावरची पांघरुणे शाबूत. काढणीच्या वेळी झाडावर चार-पाच पाने हिरवट राहिलेली असली तर सुकल्यावर गड्ड्याला दोन-तीन चांगले पापुद्रे राहतात. सगळी पात वाळेपर्यंत थांबलात तर पांघरुणे मातीतच संपतात, गड्डा फुटतो, पाकळ्या सुट्या होतात आणि अशा उघड्या पाकळ्यांत बुरशी शिरायला वेळ लागत नाही. कांदा करणाऱ्या आपल्या मंडळींची इथे हमखास गल्लत होते. कांद्याच्या निम्म्या माना पडल्या की कांदा काढायचा, हे हाताला बसलेले असते. लसणाच्या माना तशा एकजात पडत नाहीत. काही मऊ पडून वाकतात, काही शेवटपर्यंत ताठ उभ्या राहतात. माना पडण्याची वाट बघत बसू नये.

तरीही शंका वाटली तर वाफ्याच्या वेगवेगळ्या बाजूंनी दोन-तीन झाडे काढावीत आणि गड्डा सुरीने मधोमध आडवा कापून पाहावा. आत पाकळ्या एकमेकींपासून वेगळ्या झाल्या नसतील, छोट्या कांद्यासारखा सलग गर दिसत असेल, तर अजून पंधरा दिवस आहेत. पाकळ्या स्पष्ट, टपोऱ्या आणि आपापल्या सालीत गच्च भरलेल्या दिसल्या तर कुदळ घ्यायला हरकत नाही. बाहेरचा पापुद्रा तडकलेला दिसला तर मात्र उशीर होत चालला आहे, दुसऱ्या दिवशीच काढावा. कापून पाहिलेले गड्डे वाया जात नाहीत हे सांगायला नको. ओल्या लसणाची चटणी आणि गरम भाकरी, परीक्षा घेणाऱ्याची मजुरी निघते.

यापुढची गोष्ट पाण्याची. परसबागेत लसूण बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. काढणीच्या आधी 10 ते 15 दिवस लसणाचे पाणी तोडायचे असते. शेतातल्या पिकाला ते सोपे आहे, बारे फिरवले की झाले. परसात तसे नसते. तिथे शेजारी मिरची असते, वांगी असतात, आणि फाल्गुनाच्या उन्हात त्यांना दर तीन-चार दिवसांनी पाणी लागते. त्यातून बऱ्याच घरी मोरीचे सांडपाणी पाटाने परसात सोडलेले असते. भांडी घासली, अंघोळी झाल्या की पाणी चालले लसणाच्या वाफ्यात. घरची माणसे म्हणतात आम्ही पाणी कधीच बंद केले, आणि वाफा मात्र ओलाच. अशा ओलीत तयार झालेला गड्डा पुन्हा वाढायला बघतो. पाकळीतून कोंब निघून मान जाड होते, आणि जाड मानेचा लसूण टिकत नाही. तेव्हा दिवस भरत आले की मोरीचा पाट आळ्यातल्या केळीकडे किंवा अळूकडे वळवावा आणि लसणाच्या वाफ्याच्या वरच्या अंगाला मातीचा पक्का बांध घालावा. पुढच्या वर्षी लावण करतानाच लसणाला परसातला चढाचा, उंचावरचा वाफा द्यावा, म्हणजे शेजारच्या मिरचीचे पाणी त्याच्यात उतरणार नाही. उशिरा युरिया टाकण्याचा मोहही टाळावा. लावणीपासून दोन महिन्यांच्या आत नत्राचे हप्ते संपवावेत. पात हिरवी राहिली म्हणजे गड्डा मोठा होतो, हा समज खरा नाही.

भारी काळ्या जमिनीत पाणी तोडल्यावर माती दगडासारखी आवळते, हे खरे आहे. तिथे काढणीच्या दोन-तीन दिवस आधी झारीने अगदी हलके पाणी शिंपावे, माती भुसभुशीत होण्यापुरतेच. चिखल होऊ देऊ नये.

काढताना पात धरून ओढू नये. ओढला की मान तुटते किंवा बूड सुटते, आणि मान तुटलेला गड्डा साठवणीत जात नाही. गड्ड्यापासून चार बोटे अंतर सोडून खुरपे किंवा कुदळ खोल घालावी, माती खालून उचलून सैल करावी आणि मग झाड अलगद बाहेर घ्यावे. मुळांना चिकटलेली माती हाताने चोळून काढावी. दोन जुड्या एकमेकींवर आपटून माती झाडण्याची सवय पुष्कळांना असते. ती मोडली पाहिजे. लसणाला मार बसलेला बाहेरून दिसत नाही, पण महिन्याभराने तीच पाकळी आतून पिवळी-तपकिरी होते. आणि धुवायचा तर कधीच नाही. चिखल लागलेला असला तर वाळू द्यावा, वाळल्यावर तो बाहेरच्या सालीबरोबर आपोआप निघून येतो.

काढणी शक्यतो सकाळी, दव उडाल्यावर करावी. पहिले दोन-तीन दिवस लसूण वाफ्यातच पसरून ठेवण्याची रीत आहे आणि ती चांगली आहे, पण पसरण्याची पद्धत महत्त्वाची. एका ओळीच्या गड्ड्यांवर दुसऱ्या ओळीची पात येईल असे, घराची कौले शाकारतो तसे, लसूण अंथरावेत. पात उन्हात, गड्डा सावलीत. उघडा गड्डा मार्चच्या उन्हात भाजतो. वरून तो चांगला पांढराशुभ्र दिसतो, पण पुढे सोलताना पाकळी मेणासारखी पिवळसर, पारदर्शक आणि चिकट निघते. ती खायच्या कामाची नाही आणि लावायच्याही नाही. विदर्भात आणि मराठवाड्यात, जिथे त्या दिवसांत ऊन चाळिशीला टेकते, तिथे वाफ्यात एक दिवससुद्धा न ठेवता लसूण सरळ सावलीत न्यावा. कोकणात हवा दमट आणि रात्री दव, तिथेही बाहेर ठेवून उपयोग नाही, पडवीतच टांगावा.

दोन-तीन दिवसांनी खरी सुकवण सुरू होते, ती सावलीत आणि वाऱ्यात, आणखी 10 ते 12 दिवस. यासाठी काही खास बांधावे लागत नाही. घरात सुंभाची बाज असेल तर तिच्यासारखी जागा नाही. बाज पडवीत टाकावी आणि तिच्यावर पातीसकट लसूण एक-दोन थरांत पसरावा. वरून वारा, खालून वारा. बाज नसेल तर तुरीच्या काट्यांची ताटी दोन दगडांवर ठेवून तीच सोय होते. जमिनीवर पसरायचा तर बारदानावर पसरावा आणि रोज हलक्या हाताने उलथावा. पत्र्याच्या घरात पत्र्याला लागून असलेल्या माळ्यावर ठेवू नये, तिथे दुपारी भट्टी होते. आणि प्लॅस्टिकचा कागद ना खाली, ना वर. प्लॅस्टिकखाली लसणाला घाम सुटतो, तिसऱ्या दिवशी काळी बुरशी दिसते.

या दिवसांत पात कापायची नाही, यावर माझा जोर आहे. घर आवरते दिसावे म्हणून काढल्याबरोबर पात आणि मुळे कापून टोपली भरणाऱ्या घरांत लसूण लवकर जातो. मानेतून ओल वर जाऊन पातीतून बाहेर पडत असते. ओली मान कापली की तिथे उघडी जखम राहते आणि गड्ड्याच्या आत जाण्याचा रस्ता बुरशीला मिळतो. मान आपोआप सुकून आवळली की तो रस्ता बंद होतो. लसूण सुकला की नाही हे कळायला चिमटीत मान धरून दाबावी. आत काही सरकते आहे, ओलसर लागते आहे, असे वाटले तर थांबावे. मान दोरीसारखी घट्ट, मुळे हाताने मोडतील अशी ठिसूळ, आणि मूठभर गड्डे हलवले तर वाळल्या पाल्यासारखा आवाज, म्हणजे सुकवण झाली. एखादी मान कापूनही बघावी, आत हिरवेपणा दिसता कामा नये.

आता पावसाचे. फाल्गुन-चैत्रातला अवकाळी पाऊस काही नवा नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने राज्यभर काय केले, ते पाहिलेल्यांना सांगायला नको. लसणाचे दिवस भरत आलेले असताना हवामानाच्या बातमीत पावसाचा इशारा ऐकला, तर माझा सल्ला असा की चार-पाच दिवस आधी काढून पडवीत आणावा. थोडा कोवळा लसूण सावलीत हळूहळू सुकतो, फक्त वजन जरा कमी भरते. तयार झालेला लसूण ओल्या मातीत आठवडाभर राहिला तर पापुद्रे काळे पडतात, पाकळ्यांना कोंब फुटतात. वाफ्यात पसरलेला असताना पाऊस आलाच तर झाकण तेवढ्यापुरते घालावे, पाऊस थांबला की लगेच काढावे आणि लसूण वाऱ्याला पसरावा. भिजलेल्या लसणाचा ढीग एक रात्रही राहू देऊ नये.

सुकलेला लसूण निवडताना घरातल्या जाणत्या बाईच्या हाती ते काम द्यावे. तुटलेल्या मानेचे, कुदळ लागलेले, फुटलेले, कोंब निघालेले आणि जाड मानेचे गड्डे आधी बाजूला काढावेत. हे खायला, आणि लवकर संपवायला. उरलेल्यांतून बेण्याचे गड्डे निवडावेत, आणि ते सगळ्यांत आधी निवडावेत. आपल्याकडे उलटे होते. मोठे गड्डे बाजारात जातात किंवा पाहुण्यांबरोबर जातात, मधले स्वयंपाकात जातात आणि दिवाळीला जे बारके उरतात ते बेणे ठरते. मग दोन-चार वर्षांनी तक्रार येते की आमच्याकडची जातच बारीक झाली. जात तीच असते, आपण तिची सगळ्यांत अशक्त पाकळी पुढे चालवलेली असते. लावणीला गड्ड्याच्या बाहेरच्या कडेच्या टपोऱ्या पाकळ्या घ्याव्यात, मधल्या काडीसारख्या पाकळ्या फोडणीला. वर सांगितलेल्या एका वाफ्याला साधारण अर्धा किलो चांगल्या पाकळ्या लागतात. मधल्या बारक्या पाकळ्या आणि साठवणीतली घट धरून बेण्यासाठी किलोभर निवडक गड्डे बाजूला ठेवले तर कमी पडत नाही. गड्डे अखंडच ठेवावेत, पाकळ्या लावणीच्या आदल्या दिवशी मोकळ्या कराव्यात.

बेणे संपले म्हणून बाजारातला डोंगराळ भागातला मोठ्या पाकळीचा लसूण आणून लावणारेही आहेत. पाकळी पाहून मोह होतो, ते समजते. पण हिमाचल-काश्मीरकडच्या त्या जातींना गड्डा धरायला मोठा दिवस लागतो. आपल्याकडे थंडीतला दिवस लहान, त्यामुळे पात जोरात येते आणि खाली गड्डा होत नाही. त्यापेक्षा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता, फुले बसवंत या जाती किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेच्या भीमा ओंकार, भीमा पर्पल या जाती आपल्या हवामानासाठी निवडलेल्या आहेत. त्यांचे किलो-दोन किलो बेणे एकदा आणले की पुढे घरचेच चालते.

साठवणीला पातीसकट 20-25 गड्ड्यांची जुडी बांधून आढ्याला टांगणे ही जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. वेणी घालायची असेल तर सकाळी पात दमट असताना घालावी, दुपारी ती कुरकुरीत होऊन तुटते. चुलीवर, धुराच्या वाटेवर जुड्या टांगणाऱ्या आपल्या आज्यांना त्यातले मर्म माहीत होते. धुराच्या उबेने पावसाळ्यातही लसूण कोरडा राहायचा. आता गॅस आला, चूल गेली, पण जुडी मात्र काही घरांत अजून शेगडीवरच्या फळीवर दिसते. तिथे वाफ लागते, धूर नाही. तिथून ती पडवीत न्यावी. पात कापून ठेवायचा असेल तर मान बोटाच्या एका पेराएवढी, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर राखून कापावी, मुळे छाटावीत आणि गड्डे जाळीच्या पिशवीत किंवा बांबूच्या करंडीत ठेवावेत. बंद डबा, कणगी, प्लॅस्टिकची पिशवी यांत नको. फ्रिजमध्ये तर नकोच, त्या थंडाव्याने लसणाची झोप मोडते आणि त्याला कोंब फुटतात. धान्यात टाकतो तशी एखादी कीड मारण्याची पावडर लसणावर टाकण्याचा कोणी सल्ला दिला तर ऐकू नये. हा रोज पोटात जाणारा जिन्नस आहे.

श्रावण-भाद्रपदात हवा दमट असते, तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा जुड्या उतरवून प्रत्येक गड्डा बोटाने दाबून बघावा. मऊ लागला, वजनाला पोकळ वाटला किंवा निळसर भुकटी दिसली तर काढून टाकावा.

शेवटी, विकण्याविषयी बरेच जण विचारतात, की आता विकू की थांबू. घरापुरता लसूण जरूर ठेवावा. विकायचा लसूण थांबवण्याआधी घट लक्षात घ्यावी. नीट सुकवलेला लसूणही सहा महिन्यांत पाव हिश्श्याहून अधिक उतरतो, काही सुकून, काही निवडून टाकावा लागतो म्हणून. समजा चैत्रात 10 किलो लसणाला किलोमागे 80 रुपये मिळत होते, म्हणजे 800 रुपये. आश्विनात त्याचा 7 किलो उरला, तर तेवढेच पैसे व्हायला भाव 115 च्या आसपास पाहिजे, आणि त्याच्या वर जे मिळेल ती तुमच्या सहा महिन्यांच्या राखणीची कमाई. जागा कोरडी आणि हवेशीर असेल तर थांबावे. कुडाच्या भिंतीला ओल येत असेल, टांगायला आढे नसेल, तर बेणे आणि घरचा लसूण बाजूला काढून बाकीचा चैत्रातच विकावा. रिकाम्या झालेल्या वाफ्यात कांदा-लसूण पुन्हा न घेता गवार, चवळी किंवा भेंडी टोकावी.